विचारणाऱ्याला दिलेलं उत्तर

गल्लीत तिला सगळे सर्व्हेताई म्हणायचे. खांद्याला लांब पट्ट्याची पिशवी, हातात पुठ्ठ्याचं पॅड आणि चालून चालून एका बाजूला झिजलेल्या चपला. कामाच्या भागात ती कुठल्याही दारात उभी राहिली की आतून कुणीतरी ओरडायचं, "आज काय विचारणार बाई, साबण की सरकार?" आणि ती जराही न हसता म्हणायची, "आज बस. बसच्या वेळा तुम्हाला सोयीच्या वाटतात का?"

लोकांना काय वाटतं ते मोजून आणायचं, हे तिचं काम. मोजायचं माप म्हणजे एक कार्ड. त्यावर पाच उत्तरं एकाखाली एक छापलेली: पूर्ण पटतं, बऱ्यापैकी पटतं, सांगता येत नाही, फारसं पटत नाही, मुळीच पटत नाही. एक वाक्य वाचायचं, कार्ड पुढे धरायचं, समोरचा बोट ठेवील तिथली खूण करायची, आभार मानायचे आणि उठायचं. मध्येच "अरे वा" नाही, "असं कसं" नाही. भुवईसुद्धा वर जाता कामा नये. नव्या मुलींना शिकवताना ऑफिसातले साहेब तिच्याकडे बोट दाखवायचे. "यांच्या चेहऱ्याकडे बघा. घासून पुसून उपडं घातलेलं ताट! काही सांडत नाही, काही चिकटत नाही."

साहेबांचा आणखी एक दंडक होता. आपल्या गल्लीत कुणी विचारायला जायचं नाही. "ओळखीचा माणूस प्रश्नाला उत्तर देत नसतो," ते म्हणायचे, "विचारणाऱ्याला देत असतो." मुली माना डोलवायच्या. सर्व्हेताईंनी तर हे इतक्यांदा ऐकलं होतं की एका कानात शिरून ते दुसऱ्या कानाने निघूनही गेलं होतं.

तो ताटासारखा चेहरा मात्र ऑफिसात कमावलेला नव्हता. तो घरचाच.

तिचा थोरला भाऊ पाट्या रंगवायचा. गल्लीतल्या किराणा दुकानाची, शिंप्याची, चौकातल्या सायकलवाल्याची, सगळ्या पाट्या दादाच्या हातच्या. शिडीवर चढून, ओठांत ब्रश धरून, आधी खडूने रेघ मारायचा आणि मग असं अक्षर काढायचा की बघणाऱ्याने दुकानात काय घ्यायला आलो तेच विसरावं. लहानपणी ती शिडी धरायला खाली उभी असायची. "हलवू नकोस गं, नाहीतर किराण्याचा वाकडा किराणा होईल," तो वरून म्हणायचा.

मग कधीतरी तो रंगवता रंगवता थांबून भिंतीशी बोलायला लागला. पुढे भिंत त्याला उलट बोलायला लागली. आणि एका दुपारी त्याने रंगाचे डबे खिडकीतून रस्त्यावर फेकले, स्वतः मागोमाग दारातून बाहेर गेला, आणि भर गल्लीत दिसेल त्याला शिव्या घालत रडत उभा राहिला. लोक जमले. शिंपी आणि किराणावाला दोघांनी त्याला धरून रिक्षात बसवलं. आई त्याला दुसऱ्या गावच्या मनोरुग्णालयात ठेवून आली आणि दुसऱ्या दिवसापासून सांगायला लागली, "थोरला नोकरीला गेलाय. लांब आहे जरा."

सारी गल्ली डोळ्यांनी बघून बसली होती, पण आईच्या समोर कुणी ब्र काढला नाही. कुणी चुकून विचारलंच, "थोरला कसा आहे हो?" तर आई बोलता बोलता उठायची आणि दादाच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायची. कडी खट्कन वाजायची. ही लाजेची गोष्ट आहे, असं धाकट्या बहिणीला कुणी शब्दाने शिकवलं नाही. ती ते कडीच्या आवाजावरून शिकली. आधी कडी वाजली की मान खाली जायची, पुढे पुढे कडीचीही गरज उरली नाही. दादाचं नाव निघालं की मान खाली. आणि चेहरा उपडा.

आई गेली. खिडकी लागलेलीच राहिली. तिने लग्न केलं नाही. विचारायला आलेल्या एका घराने भावाची चौकशी केली होती, तेव्हा तिनेच विषय मिटवून टाकला. घरात ती एकटी आणि दर रविवारी बसने दादाकडे. गल्लीला ती सांगायची, "देवदर्शनाला जाते." ते अगदीच खोटंही नव्हतं. रुग्णालयाच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत वाटेत ती एकच मागणं मागत असायची, की देवा, दादाला एकदा घरी येऊ दे, पण त्याला कुणी हिडीसफिडीस करणार नाही असं बघ. दोन्ही एकदम मागायची. एकावाचून दुसरं तिला नको होतं.

औषधं चांगली निघाली, डॉक्टर चांगले लाभले, आणि दादा निवळत गेला. भिंती गप्प झाल्या. तिथल्या धुलाईखात्यात तो चादरींच्या घड्या घालायचा. घडी अशी, की धारेवर बोट कापेल. रविवारी ती त्याच्यावरच आपल्या नव्या प्रश्नांची रंगीत तालीम करायची. चादरीच्या ढिगाशेजारी बाकावर बसून ती सपाट आवाजात वाचायची, "सार्वजनिक बागा संध्याकाळी उशिरापर्यंत उघड्या असाव्यात."

"बागेत कोण आहे त्यावर आहे," दादा म्हणायचा.

"असं नाही चालत. कार्डावर बोट ठेव."

"बरं. मग मी एक वाचतो." तो तिचा आवाज काढायचा, तसाच कोरडा. "इथला चहा म्हणजे चहाची भांडी विसळलेलं पाणी आहे. कितपत पटतं?" आणि स्वतःच 'पूर्ण पटतं'वर बोट आपटायचा. ती तिथे, त्याच्यापुढे तेवढी हसायची.

एका रविवारी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरने तिला थांबवलं. "ताई, यांना इथे ठेवायचं आता काही कारण राहिलेलं नाही. गोळ्या वेळेवर घेतात, काम करतात. आम्ही सोडायला तयार आहोत. तुमची तयारी आहे ना?"

 तिने तोंड उघडायच्या आत दादा आतून कापडी पिशवीच घेऊन आला. दोन शर्ट, कंगवा आणि ब्रशांचा जुना पत्र्याचा डबा. पिशवी मांडीवर घेऊन तो बाकावर बसला आणि म्हणाला, "माझी तयारी आहे. पण गल्ली काय म्हणते?"

"गल्ली कशाला काय म्हणेल?"

"तसं नव्हे गं. शेवटचं त्यांनी मला कसं बघितलंय ते मला आठवतं. मी गल्लीत उतरलो आणि त्यांनी पोरांना आत ओढून घेतलं, तर मला नाही झेपणार. तू विचार. तुझं कामच आहे ते."

आणि तिने विचारायचं ठरवलं. साहेबांचा दंडक आठवला नाही असं नाही. पण इतकी वर्षं दारोदार फिरून तिला एक हिशेबही येत होता. ओळखीचे लोक भिडेखातर गोड बोलतात, जिथे नको असतं तिथे "चालेल" म्हणतात. म्हणजे गल्लीतून आलेल्या 'हो'तला काही भाग भिडेचा म्हणून सोडून द्यायचा. पण तोंडावर कुणी 'नाही' म्हणालं, तर ते शंभर नंबरी सोनं. भीड मोडून आलेला नकार खोटा कशाला असेल? दादाचं नाव ती घेणारच नव्हती. ऑफिसचंच काम आहे असं दाखवायचं, ऑफिसच्याच आवाजात वाचायचं.

किराणावाला गिऱ्हाईक सोडून पुढे आला. डोक्यावर दादाने रंगवलेली पाटी. तिने वाचलं, "मनाच्या आजारातून बरा झालेला माणूस आपल्या गल्लीत राहायला आला तर चालेल. हे तुम्हाला कितपत पटतं?"

त्याने कार्डाकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं. मग बोट अगदी खाली नेऊन 'मुळीच पटत नाही'वर ठेवलं. "तिकडेच बरे असतात ते, ताई. वेळेवर खाणंपिणं, डॉक्टर हाताशी. आपण उगाच कशाला."

"आभारी आहे," ती म्हणाली.

शिंप्याने मान खाली घालून सुईत दोरा ओवत ओवतच सांगितलं, "फारसं पटत नाही लिहा." इस्त्रीवाल्या मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली, पदराने कपाळ पुसलं. "मुळीच नाही गं बाई. तू लिही, मावशी मुळीच नाही म्हणाली." वर तिच्या पाठीवरून हातही फिरवला. तो हात का फिरला, हे तिने स्वतःला विचारलं नाही. कार्डावर हाताची जागा नसते.

घरी येऊन तिने खुणा मोजल्या. सगळ्या गल्लीतून 'चालेल' म्हणणारं एकच घर निघालं, आणि तेही नवीन आलेल्या भाडेकरूंचं.

सिस्टरला तिने सांगितलं, "लोक स्वीकारणार नाहीत. त्याचे हाल होतील."

"लोकांना विचारलंत का?"

"विचारलं. घरोघर."



दादा पिशवी घेऊन तयारच बसला होता. तिला वाटलं होतं गोडगोड बोलून वेळ मारून न्यावी, पण त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि उपडं ताट बरोबर वाचलं. "नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"तू कार्डानेच विचारलंस ना? नीट?"

"हो."

"मग खरंच असेल," तो म्हणाला. तिच्या कामावर त्याचा एवढा विश्वास. उठला, आत जाऊन पिशवी रिकामी केली आणि परत येऊन चादरी घ्यायला लागला. एक टोक त्याने सवयीने तिच्या हातात दिलं. दोघांनी मिळून ती चादर ताणली, घडी घातली, आणि दुसरी घेतली.

बरेच महिने गेले. दादा हळूहळू वेगळं बोलायला लागला. आधी जेवणाच्या हॉलमधला गोंगाट त्याला सहन व्हायचा नाही, आता "माणसांचा आवाज असला की बरं वाटतं" म्हणायचा. वॉर्डातून चांदणं दिसतं म्हणायचा. एका रविवारी चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "इथला चहा तसा चांगला असतो." ती बरं वाटून घेत होती. भाऊ रमला, देवाने सावरलं त्याला, असं मनाशी म्हणत बसमध्ये डोळे मिटून घ्यायची. जी गोष्ट मिळायची नाही ती नकोशी करून घेतल्याशिवाय माणसाला रात्री झोप लागत नाही, हे तिला दुसऱ्या कुणाच्या बाबतीत लगेच दिसलं असतं.

मग त्याच विषयाचा सर्व्हे खरोखरच ऑफिसात आला. बरं होऊन घरी परतणाऱ्या रुग्णांविषयी लोकांना काय वाटतं ते एका संस्थेला हवं होतं. सर्व्हेताईंना लांबचा भाग मिळाला आणि त्यांची गल्ली मिळाली शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीला. चष्मेवाली तशी बडबडी. दुपारच्या चहाला ती म्हणाली, "अगं, तुझी गल्ली म्हणजे भलतीच मोठ्या मनाची निघाली! बाकीच्या भागात डोकं फुटायची वेळ. तुझ्याकडे मात्र जवळजवळ सगळे 'चालेल, चालेल'. एक इस्त्रीवाली बाई तर मला रागवली. म्हणे, यात विचारायचं काय, आपलीच माणसं असतात ना ती!"

सर्व्हेताईंच्या हातातला कप तसाच राहिला. चेहरा अर्थातच हलला नाही. "हिशेबात काही चूक नाही ना तुझ्या?" एवढंच तिने विचारलं.

"घ्या! तू शिकवलेलीच मी," चष्मेवाली हसली.

त्या संध्याकाळी ती घरी न जाता थेट मावशींच्या इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. पॅड नाही, कार्ड नाही.

"मावशी, मी विचारलं तेव्हा तुम्ही 'मुळीच नाही' म्हणालात. आणि त्या मुलीला 'हो' म्हणालात. खरं कुठलं?"

मावशींनी इस्त्री बाजूला ठेवली. "बस आधी." मग एका बाहीची सुरकुती हाताने साफ करत त्या बोलायला लागल्या. "तुझ्या आईने जन्मभर ती खिडकी लावून घेतली. आई गेली तरी तू उघडली नाहीस. दर रविवारी कुठे जातेस ते काय आम्हाला माहीत नाही? पण तू देवदर्शन म्हणायचीस, आम्ही देवदर्शन म्हणायचो. आणि एक दिवस तू ते कार्ड घेऊन दारात आलीस, चेहरा हा असा दगड. आम्हाला वाटलं, तिकडून घरी न्या म्हणत असतील, आणि हिला नको असेल. आम्ही हो म्हटलं असतं तर तुझ्या गळ्यात पडला असता तो. नाही म्हटलं की तू सुटलीस. लोकांवर ढकलायला मोकळी. किराणावाल्याने मला मागाहून विचारलंसुद्धा, मी बरोबर बोललो ना म्हणून."

"मला नको नव्हता, मावशी."

"मग तसं बोलायचंस! तुझ्या तोंडावरून कुणाला काय कळायचं?"

 मावशींनी रस्त्यापलीकडे हात केला. "ती किराणावाल्याची पाटी बघ. रंग उडालाय, कोपरा गंजलाय. त्याचा मुलगा कितीदा म्हणाला, आता दिव्याची पाटी लावू. लावू देतो का तो? ते अक्षर पुसायचा त्याला धीर होत नाही. शिंप्याचंही तेच. तू रोज तिच्याखालून जातेस. सगळ्या गावाची मनं मोजतेस, आणि हे तुला दिसलं नाही?"

दिसलं होतं. रोज दिसत होतं. तिने मोजलं नव्हतं, एवढंच. ती गल्लीचं मन मोजायला गेली आणि आपल्याच चेहऱ्यावरची आईची खिडकी मोजून आली. तोच आकडा तिने दादाच्या हातात नेऊन ठेवला होता.

त्या आठवड्यात तिने दादाची खोली उघडली. कडी गंजून बसली होती, तेल सोडून, वरवंट्याने ठोकून काढावी लागली. खिडकी उघडली तेव्हा किराणावाल्याने गल्ल्यावरून मान वर करून पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा खाली घातली. तिने फरशी पुसली, गादी उन्हात टाकली. कुणी विचारलं तर स्वच्छ आवाजात सांगायचं असं तिने ठरवून ठेवलं होतं, आणि शिंप्याच्या बायकोने विचारताच सांगितलंही, "दादाची खोली. त्याला आणायला जाणार आहे." या खेपेला मान खाली गेली नाही.

रविवारी बसमध्ये तिने देवाजवळ काही मागितलं नाही. नुसतं नाव घेत राहिली.

दादा धुलाईखात्यात होता. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मी चुकीचं विचारलं, आपल्या गल्लीत विचारायचं नसतं, ते मला उत्तर देत होते, तुला नाही. पाट्या अजून तशाच आहेत. खिडकी उघडलीय. चल.

त्याने ऐकून घेतलं. हातातली चादर खाली ठेवली नाही. "कार्ड आणलंयस?" तो म्हणाला.

"कार्ड कशाला आता?"

"असू दे. काढ."

पिशवीत होतंच. तिने काढून दिलं. त्याने ते बाकावर ठेवलं आणि तिचाच सपाट आवाज काढून वाचल्यासारखं म्हणाला, "मला घरी जायचं आहे." आणि बोट अगदी खाली, 'मुळीच पटत नाही'वर ठेवलं.

ती हसेल असं कदाचित त्याला वाटलं असावं. ती हसली नाही. कामात असं झालं की थोड्या वेळाने तोच प्रश्न उलटा करून विचारायचा असतो, उत्तर पक्कं आहे का ते बघायला. तिने विचारलं, "इथे तुला बरं वाटतं?"

बोट वर गेलं. पूर्ण पटतं.

"दादा, माझ्या चेहऱ्याकडे बघून बोलू नकोस. मला पाहिजे तेच बोलतोयस का? माझी सुटका व्हावी म्हणून?"

"तुझ्या चेहऱ्यावर काय दिसतंय डोंबल," तो म्हणाला. मग मऊ आवाजात, "मी आता इथला झालोय गं. तेव्हा आलो असतो. तेव्हा पिशवी भरलेली होती."

 तिचा उभा जन्म उत्तरं ऐकण्यात गेला होता. कोण लाजून बोलतं, कोण टाळतं, कोण दुसऱ्याचं ऐकून बोलतं, तिला पायरीवरूनच कळायचं. पण आवाज तिचाच होता, तिनेच रविवारी रविवारी त्याला शिकवलेला, घासून पुसून उपडा घातलेला. त्यातून काही सांडत नव्हतं. हे त्याचं मन आहे की तिच्यावरची माया, हे तिला कळलं नाही, आणि आणखी कसं विचारावं तेही कळलं नाही. मनं ज्याने घडवली त्यालाच ते ठाऊक.

दादाने चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं. चार-पाच चादरी झाल्यावर त्याने विचारलं, "किराण्याची पाटी फार फिकी झालीय?"

"कोपऱ्यात गंजलीय. अक्षर आहे अजून."

"त्याला सांग, दुसऱ्या कुणाकडून तरी रंगवून घे. माझी वाट बघत बसू नकोस म्हणावं."

संध्याकाळी ती गल्लीत शिरली तेव्हा मावशी इस्त्री सोडून बाहेर आल्या, शिंपी दाराशी आला. ती एकटीच आहे हे सगळ्यांनी पाहिलं. कुणी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "नाही म्हणाला." एवढं बोलताना तिचा चेहरा पहिल्यांदाच भर गल्लीत वाकडातिकडा झाला, आणि मावशींनी पुढे होऊन तिचा हात धरला.

मग ती किराणा दुकानासमोर गेली आणि दादाचा निरोप सांगितला. किराणावाला खाली उतरला, रस्त्याच्या मध्यापर्यंत मागे गेला, आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून आपल्याच पाटीकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

"राहू दे की," तो म्हणाला. "अजून वाचता येतेय."